देव आहे की नाही ते राहू दे बाजूला, एथिकल ह्युमॅनिझम काय म्हणतो ते बघू

एथिकल ह्युमॅनिझम, म्हणजे नैतिक मानवतावाद, म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं हे नास्तिकांचं काहीतरी प्रकरण असणार, देव नाही हे पटवून देणारे लोक, वादविवाद, डिबेट वगैरे. तसं ते नाहीये. यात नास्तिक भरपूर आहेत हे खरं, पण मुख्य मुद्दा देवाबद्दलचा नाहीच, मुद्दा आहे माणूस माणसाशी कसा वागतो याचा. देव आहे का, मेल्यावर काय होतं, विश्व कोणी बनवलं, यावर तुमचं तुम्ही काय ते ठरवा, त्यावरून कोणी तुम्हाला आत घेणार नाही की बाहेर काढणार नाही, पण प्रत्येक माणसाला मोल आहे हे धरून जगायचं, आणि ते एकट्याने नाही तर चार लोकांच्या सोबतीने शिकत शिकत जगायचं, एवढं मात्र पक्कं.

यातला शेवटचा भाग, चार लोकांच्या सोबतीचा, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण चांगलं वागायला देव लागतोच असं नाही हे सांगणारे विचारवंत फार पूर्वीपासून होऊन गेलेत, त्यात नवीन काही नाही. पण माणूस धर्मापासून लांब गेला की नुसती श्रद्धाच जात नाही ना, तिच्यासोबत अजून बरंच काही हातातून सुटतं. दर आठवड्याला भेटणारी ओळखीची माणसं, बाळाचं नाव ठेवताना किंवा लग्नात किंवा कोणी गेल्यावर काय करायचं याची ठरलेली रीत, मुलांना बरंवाईट शिकवायची जागा, आजारी पडलो तर न सांगता विचारपूस करायला येणारं कोणीतरी. हे सगळं परत उभं करायचं, पण न पटणाऱ्या गोष्टीला मान डोलवायला न लावता, असा हा प्रयत्न आहे, आणि तो जवळपास दीडशे वर्षं चालू आहे.

सुरुवात झाली न्यूयॉर्कमध्ये. फेलिक्स ॲडलर नावाचा एक तरुण, जन्म १८५१ चा, जर्मनीतला. वडील ज्यू धर्मगुरू, त्यांना न्यूयॉर्कच्या टेम्पल इमॅन्युएल या मोठ्या ज्यू मंदिरात बोलावलं म्हणून १८५७ मध्ये सगळं कुटुंब अमेरिकेत आलं. मुलगा हुशार, कोलंबियाला शिकला, मग जर्मनीत जाऊन हायडेलबर्गहून डॉक्टरेट घेऊन आला, पुढे वडिलांच्याच गादीवर बसणार असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण जर्मनीत त्याने कांट हा तत्त्वज्ञ वाचला, धर्मग्रंथांकडे इतिहास म्हणून बघायला शिकला, कामगारांचे हाल हा काय प्रश्न आहे ते त्याच्या डोक्यात शिरलं, आणि १८७३ मध्ये परत येऊन त्याने त्या मंदिरात जे प्रवचन दिलं त्यात देवाचं नावच आलं नाही. झालं, लोकांच्या भुवया उंचावल्या. गादीचा विषय तिथेच संपला. मग दोनेक वर्षं कॉर्नेल युनिव्हर्सिटीत शिकवलं आणि १५ मे १८७६ ला न्यूयॉर्कमध्ये एका हॉलमध्ये उभं राहून त्याने आपला प्रस्ताव मांडला. वय तेव्हा २४.

प्रस्ताव काय, तर आपण दर रविवारी भेटू, प्रार्थना नाही, कर्मकांड नाही, मानणारा असो की न मानणारा असो दोघांनाही जागा आहे. श्रद्धा ज्याची त्याची वेगळी असू दे, कृतीच्या बाबतीत मात्र आपण एक असू. यातून न्यूयॉर्क सोसायटी फॉर एथिकल कल्चर ही संस्था उभी राहिली, जी आजही आहे.

आता अशी भाषणं खूप जण देतात. पण या लोकांनी पुढच्या चार वर्षांत काय काय केलं ते बघितलं की वाटतं हे बोलघेवडे नव्हते. १८७७ मध्ये गरिबांच्या घरी जाऊन सेवा करणाऱ्या ट्रेन्ड नर्सची सोय सुरू केली, आणि पेशंटचा धर्म कोणता हे विचारायचं नाही असा कारभार. १८७८ मध्ये कामगारांच्या मुलांसाठी फुकट बालवाडी. १८८० मध्ये तीच वाढवून कामगारांच्या मुलांची शाळा, जिथे पुस्तकासोबत हाताने काम करायला शिकवायचे आणि नीती हा विषय पण असायचा, पण पाठ करायचा नाही, बोलून विचार करायचा असा. शाळा इतकी चांगली चालली की पुढे पैसेवाल्या घरांतली मुलंही यायला लागली. ओपेनहायमर, तोच अणुबॉम्बवाला शास्त्रज्ञ, याच शाळेत शिकलेला. याच मंडळींतला स्टँटन कॉइट, त्याने १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत स्वतः राहायला जाऊन शेजाऱ्यांसोबत मिळून काम करायचं असं केंद्र काढलं, अमेरिकेतलं त्या प्रकारचं ते पहिलं.

आणि बालमजुरीचं काम तर फारच मोठं. १९०४ मध्ये बालमजुरीविरुद्धची राष्ट्रीय समिती झाली तिचा अध्यक्ष ॲडलर. याच एथिकल कल्चरच्या शाळेत शिकवणारा एक मास्तर होता, लुईस हाइन, त्याला समितीने कॅमेरा घेऊन गिरण्यांमध्ये, खाणींमध्ये, डबाबंद माल बनवणाऱ्या कारखान्यांमध्ये पाठवलं. त्याने काढलेले फोटो बघा कधीतरी शोधून. सूतगिरणीतल्या मोठ्या मशीनसमोर उभी असलेली इवलीशी मुलगी, कोळशाने चेहरे काळे झालेली पोरं एका ओळीत बसलेली आणि सरळ कॅमेऱ्यात बघतायत. हाइन प्रत्येकाचं वय, उंची, कामाचे तास लिहून ठेवायचा म्हणजे मालकांना नंतर खोटं आहे म्हणता येऊ नये. १९१६ मध्ये कायदा झाला, १९१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उडवला, मग टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडलं. ॲडलर १९३३ मध्ये वारला, म्हणजे त्याने तो दिवस बघितलाच नाही. तीस-पस्तीस वर्षं एकाच गोष्टीमागे लागून राहायचं आणि फळ दुसऱ्यांनी बघायचं, यात स्वर्गाची लालूच नाही की पुढच्या जन्माचा हिशेब नाही, तरी माणसं करत राहिली. चांगलं वागायला वरून कोणीतरी बघत असायला लागतं असं जे म्हणतात त्यांनी याचा जरा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

बरं, इतिहास झाला. आता विचार काय आहे ते.

पायाचा दगड हा, की प्रत्येक माणसाला मोल आहे आणि ते मोल त्याच्या उपयोगावरून ठरत नाही. ऐकायला एकदम साधं, सगळेच मान डोलवतात. पण जरा थांबून बघा हं, आपण दिवसभर लोकांना उपयोगावरूनच तर मोजत असतो. हा कामाचा, ही ओळख ठेवलेली बरी, हा काय आपल्या फायद्याचा नाही. आणि उपयोगाची गोष्ट अशी की ती बदलता येते. चांगला ड्रायव्हर गेला, दुसरा मिळाला, काम चालू. ॲडलरचं म्हणणं असं की माणसाचा एक भाग असा आहे की ज्याच्या जागी दुसरं कोणी ठेवताच येत नाही, तो माणूस म्हणजे तोच. कांटने आधी सांगून ठेवलेलं होतं की माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका. पण कांटचा भर सगळ्यांमध्ये सारखी असलेल्या विचारशक्तीवर, आणि ॲडलर म्हणतो सारखेपणा नाही, वेगळेपणा बघा, प्रत्येकाचं जे त्याचं एकट्याचं आहे ना तिथे त्याचं मोल आहे.

मग लगेच कोणीतरी विचारतं, आणि बरोबरच विचारतं, की हे सिद्ध कसं करणार? मायक्रोस्कोपखाली माणसाचं मोल दिसतं का? नाही दिसत. ॲडलर स्वतः हे मान्य करतो, मला त्याचा हा प्रामाणिकपणा फार आवडतो. तो म्हणतो आजूबाजूला बघाल तर बरीचशी माणसं सामान्य, काही नीच, काही नुसती कंटाळवाणी, मोल काही डोळ्यांना दिसत नाही. तर ते आपण द्यायचं असतं. आधी धरून चालायचं की आहे, मग त्याप्रमाणे वागायचं, आणि वागता वागता ते दिसायला लागतं, समोरच्यालाही आणि आपल्यालाही. म्हणजे हा शोध कमी आणि निर्णय जास्त आहे. रोज नव्याने घ्यायचा निर्णय, आणि ज्या माणसाबद्दल घ्यायला सगळ्यात जड जातं त्याच्याबद्दल तर आवर्जून घ्यायचा.

यावरून त्याचा मुख्य नियम येतो. असं वाग की समोरच्यातलं जे उत्तम आहे ते बाहेर येईल, आणि ते करता करता तुझ्यातलंही येईल.

हा नियम आणि आपण लहानपणापासून ऐकतो तो, दुसऱ्याने आपल्याशी जसं वागावं वाटतं तसं आपण वागावं, हे दोन्ही सारखे वाटतात पण सारखे नाहीत. जुना नियम धरला तर मोजपट्टी मी असतो, मला जे आवडतं ते त्याला आवडेल असं मी गृहीत धरतो. मला एकटं सोडलेलं बरं वाटतं म्हणून मी दुःखात असलेल्या मित्राला एकटं सोडतो, आणि त्याला मात्र कोणीतरी शेजारी येऊन बसायला हवं होतं. ॲडलरचा नियम म्हणतो आधी त्याच्याकडे बघ, तो कोण आहे, त्याच्यात काय दडलंय. म्हणजे मेहनत जास्त आहे यात.

एक उदाहरण घेऊ, थोडं सविस्तर. भाऊ-बहीण आहेत, आई बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली. बहीण जवळ राहते म्हणून सगळं तिच्यावर, औषधं, डॉक्टर, रात्रीची जागरणं. भाऊ दुसऱ्या शहरात, महिन्याला पैसे पाठवतो आणि फोनवर विचारतो कशी आहे आई, बरी आहे ना. बहीण आतल्या आत धुमसतेय. तिच्यासमोर नेहमीचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे गप्प सोसायचं आणि मनात खतावणी लिहीत राहायची, की मी एवढं केलं आणि तू काहीच नाही. दुसरा म्हणजे एक दिवस फोनवर स्फोट, मग महिनाभर अबोला. तिसरा रस्ता एथिकल ह्युमॅनिझम सुचवतो तो असा, की आधी स्वतःला विचार, या भावात असं काय आहे जे आत्ता वापरलंच जात नाहीये? समजा तो माणूस कागदपत्रांत एकदम चोख आहे, इन्शुरन्सचे फॉर्म, हॉस्पिटलची बिलं, कुठल्या तारखेला कुठली टेस्ट, हे त्याला सहज जमतं. आणि समजा लहानपणी आईला वाचून दाखवायचं काम त्याचंच होतं. तर ती त्याला सांगते, ऐक दादा, बिलं आणि अपॉइंटमेंट हे आजपासून पूर्ण तुझं, मी बघणारसुद्धा नाही, आणि रोज रात्री नऊ वाजता तू आईला फोनवर वाचून दाखवायचंस, तेवढ्या वेळात मी जरा बाहेर चक्कर मारून येईन.

आता बघा काय झालं. तिने त्याला मोकळं सोडलं नाही, उलट जबाबदारी वाढवली. पण त्याच्यातला नालायकपणा उगाळण्याऐवजी त्याच्यातला मुलगा जागा केला. आणि तिचं काय? ती पण बदलली, सगळं मीच करते म्हणणारी बाई आता मागायला शिकली, दुसऱ्याच्या हातात सोडायला शिकली, जे तिला आयुष्यभर जमलं नव्हतं. दोघांचं सोबतच होतं, आधी मी सुधारतो मग तुला सुधारतो असं नाही. नात्यातच माणूस घडतो हे ॲडलरचं म्हणणं इथे नीट कळतं.

आता भाऊ ऐकेलच असं काही नाही. नाही पण ऐकणार कदाचित. नियम निकालाची गॅरंटी देत नाही, वागण्याची दिशा देतो. आणि अजून एक, हे फार महत्त्वाचं आहे, समोरच्यातलं चांगलं बाहेर काढायचं म्हणजे त्याचा मार खात राहायचं असं अजिबात नाही. जो माणूस छळतोय, मारतोय, फसवतोय, त्याला थांबवणं, त्याच्यापासून लांब जाणं, गरज पडली तर पोलिसात जाणं, हे या नियमात बसतं, कारण त्याला तसंच चालू दिलं तर त्याच्यातलं वाईटच पोसलं जातं, आणि आपल्याला स्वतःचं मोल आहेच की. प्रत्येक माणसाला म्हटलं की त्यात मी पण आलोच. ज्या घरांमध्ये सहन करणं म्हणजेच चांगुलपणा असं शिकवलं जातं तिथल्या माणसांना हे वाक्य दहादा सांगायला हवं.

मग यात स्पिरिच्युअल काय आहे, हा प्रश्न येतो. देव नाही, आत्मा नाही, चमत्कार नाही, मग अध्यात्म कसलं? याचं उत्तर सगळे एथिकल लोक एकसारखं देत नाहीत. ॲडलर स्वतः नुसत्या निसर्गापाशी थांबणारा नव्हता, त्याच्या मते डोळ्यांना दिसतं त्याच्या पलीकडे एक नैतिक जग आहे ज्यात असंख्य जीव एकमेकांत गुंफलेले आहेत, प्रत्येक वेगळा आणि प्रत्येक आवश्यक. व्यक्ती असलेला देव नाही, तर अशा सगळ्यांचा मिळून एक समुदाय. पुढच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना हे पटलं नाही, त्यांना निसर्ग आणि माणूस एवढंच पुरे होतं. १९३३ मध्ये अमेरिकेत ह्युमॅनिस्ट जाहीरनामा निघाला, ३४ जणांच्या सह्या, त्यात तत्त्वज्ञ जॉन ड्युईसुद्धा, त्याचा सूर तर सरळ विज्ञानवादी होता. आजच्या एथिकल सोसायट्यांमध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या संस्थेसारख्या संस्थांमध्ये, बहुतेक लोक या दुसऱ्या बाजूचे. पण दोन्ही बाजूंना मान्य होईल असं एक आहे, की कधीकधी माणसाला स्वतःपेक्षा मोठ्या कशाचा तरी आपण भाग आहोत असं आतून जाणवतं. बाळ पहिल्यांदा हातात घेतल्यावर, गाणं ऐकताना, कोणाच्या तरी शेवटच्या क्षणी हात धरून बसल्यावर, किंवा पन्नास अनोळखी माणसं एका कामाला खांद्याला खांदा लावून भिडल्यावर. हा अनुभव खरा आहे, त्याला हसायचं नाही, आणि त्याचं स्पष्टीकरण अमुकच असा हट्ट पण करायचा नाही. न्यूयॉर्कच्या त्यांच्या सभागृहात स्टेजच्या वर अशा अर्थाचं वाक्य कोरलंय की जे सर्वोच्च आहे त्याचा शोध घ्यायला माणसं जिथे भेटतात ती जागा पवित्र. पवित्र शब्द ठेवलाय त्यांनी, टाकला नाही.

सरकारलाही हा प्रश्न पडला होता बरं का. वॉशिंग्टनच्या एथिकल सोसायटीने धार्मिक संस्था म्हणून टॅक्समध्ये सूट मागितली, तर आधी नकार मिळाला, कारण काय तर तुम्ही परमेश्वर मानत नाही. केस वर गेली आणि १९५७ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की सूट द्या, हे लोक रविवारी भेटतात, यांचे लीडर लग्न लावतात, अंत्यसंस्काराला उभे राहतात, लोकांना आयुष्यात मार्ग दाखवतात, परमेश्वर मानला नाही म्हणून सूट नाकारता येणार नाही.

ते लीडर म्हणजे पुजारी किंवा पाद्री नव्हेत. लीडर हाच शब्द वापरतात, रीतसर ट्रेनिंग घेतलेले असतात, पण त्यांच्याकडे कुठली खास शक्ती आहे असं कोणी मानत नाही आणि त्यांनी सांगितलं ते प्रमाण असंही नाही. रविवारच्या सभेत साधारण असं असतं, थोडं संगीत, मग एक भाषण, विषय काहीही असू शकतो, तुरुंगातल्या लोकांपासून ते माफी मागणं या विषयापर्यंत, मग प्रश्नोत्तरं आणि चर्चा. काही ठिकाणी लोक उभे राहून आपल्या आठवड्यातलं सुखदुःख सांगतात, माझी टेस्ट नॉर्मल आली, माझ्या मुलाची नोकरी गेली, असं. वरवर बघितलं तर किरकोळ वाटतं. पण विचार करा, प्रौढ माणसाला शंभर लोकांसमोर मला आत्ता भीती वाटतेय असं म्हणता येईल आणि त्यावर कोणी सल्ला देणार नाही, नुसतं ऐकेल, अशा जागा जगात किती उरल्यात? मुलांचे वेगळे वर्ग असतात आणि त्यात मुलांना वेगवेगळ्या धर्मांची माहिती देतात, टिंगल करायला नाही, समजून घ्यायला.

कोणी गेल्यावर काय करतात ते मात्र नीट सांगतो, कारण खरी परीक्षा तिथेच असते. श्रद्धाळू माणसाला निदान म्हणता येतं की ती आता चांगल्या ठिकाणी आहे, परत भेट होईल. ज्याचा त्यावर विश्वास नाही त्याच्या तोंडावर हे वाक्य कोणी टाकलं की त्याचं दुःख अजून एकटं पडतं. ह्युमॅनिस्ट स्मृतिसभेत सभा चालवणारा आधी घरच्यांना भेटतो, तासन् तास बसून ऐकून घेतो, त्या माणसाला काय आवडायचं, कशाचा राग यायचा, कुठे चुकला. सभेच्या दिवशी मग तो ठरलेले मंत्र किंवा साचेबद्ध शब्द म्हणत नाही तर त्या एका माणसाचं आयुष्य सांगतो. मग लोक उठून बोलतात. मुलगी म्हणते बाबा कडक होते, मला त्यांची भीती वाटायची, आणि तरी नापास झाले तेव्हा तेच माझ्या खोलीबाहेर रात्रभर खुर्ची टाकून बसले होते. शेजारी काहीतरी तिसरंच सांगतो जे घरच्यांना माहीतच नव्हतं. रडतात, हसतात पण. मध्ये एक-दोन मिनिटं शांतता ठेवतात, ज्याला प्रार्थना करायची तो मनात प्रार्थना करतो, ज्याला नाही तो आठवण काढतो. त्या माणसाने आपल्यात काय सोडलंय ते सगळ्यांनी मिळून गोळा करायचं, एवढंच ते. परत भेटीचं आश्वासन यात नाही, आणि ज्याला ते हवंय त्याला हे कमी पडणार, ते मान्यच केलं पाहिजे. पण खोटा दिलासा नको असलेल्या माणसाला हा खरा दिलासा आहे.

चळवळ अमेरिकेपुरती राहिली नाही. लंडनमध्ये १८८६ मध्ये एथिकल सोसायटी झाली, वर सांगितला तो स्टँटन कॉइट पुढे लंडनलाच जाऊन राहिला, १८९६ मध्ये तिथल्या सोसायट्यांनी मिळून युनियन केली, तीच आता ह्युमॅनिस्ट्स युके. १९५२ मध्ये ॲमस्टरडॅमला जगभरच्या संघटना एकत्र आल्या, त्यात अमेरिकन एथिकल युनियन, म्हणजे तिथल्या एथिकल सोसायट्यांची संघटना, होती तशीच भारतातली मानवेंद्रनाथ रॉय यांची रॅडिकल ह्युमॅनिस्ट मंडळी पण होती. नेदरलँड्समध्ये तर तुरुंगात, सैन्यात, हॉस्पिटलमध्ये पाद्र्यासोबत ह्युमॅनिस्ट समुपदेशकाची पण नेमणूक असते, म्हणजे मरणाच्या दारातल्या माणसाला धर्म नसला तरी कोणीतरी ऐकणारं मिळतं. नॉर्वेत पंधराएक वर्षांची मुलं चर्चच्या दीक्षेऐवजी ह्युमॅनिस्ट दीक्षा घेतात, काही महिने कोर्स करतात, त्यात हक्क, नाती, स्वतः विचार करणं यावर चर्चा, आणि शेवटी समारंभ. १९५१ पासून हे सुरू आहे आणि आता दरवर्षी दहा हजारांहून जास्त मुलं हे करतात.

आता यावरचे आक्षेप. सगळ्यात नेहमीचा म्हणजे देव नाही तर मग कोणी काहीही बरोबर म्हणेल. याला माझं उत्तर असं, की धर्म मानणाऱ्यांमध्येसुद्धा बरोबर काय यावर एकमत कुठे आहे, शेवटी ग्रंथातलं कुठलं वाक्य धरायचं आणि कुठलं सोडायचं हे माणूसच ठरवतो, आणि ते ठरवताना तो आपली नीतीच वापरतो. म्हणजे नीती आधी आहे. एथिकल ह्युमॅनिझम हे उघडपणे कबूल करतो आणि त्याची जबाबदारी घेतो, एवढाच फरक. आणि माणसाचं मोल हा निकष हातात असला की काहीही चालत नाही, उलट खूप गोष्टी चालेनाशा होतात, ज्या परंपरेच्या नावावर आरामात चालत आलेल्या असतात.

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो, की हे सगळं फार डोक्याचं आहे. भाषणं, चर्चा, शिकलेल्या लोकांचा क्लब. यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या एथिकल सोसायट्या आज मोजक्याच आहेत, आणि सुरुवातीपासून त्यांचा तोंडावळा शिकल्या-सवरल्या मध्यमवर्गाचा राहिला. भक्तीत जी ओल असते, गाणं, डोळ्यांतलं पाणी, हजारो लोकांचा एक सूर, ती भाषणाने येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की ज्या ज्या ठिकाणी हे लोक नुसते बोलत बसले तिथे ते सुकले, आणि जिथे नर्स पाठवल्या, शाळा काढली, मुलांना मशीनपासून सोडवलं, मयताला जाऊन उभे राहिले, तिथे ते जिवंत राहिले. त्यांच्या सुरुवातीच्या कामातून हे इतकं लख्ख दिसतं की आज कोणाला असा गट करायचा असेल त्याने कामापासून सुरू करावं, विचारपत्रिका लिहिण्यापासून नाही.

आणि गट करायला मोठं काही लागत नाही खरंतर. पाच-सहा जण पुरेत, ज्यात सगळे एकाच विचाराचे नसले तर उत्तमच, एखादा श्रद्धाळू असू द्या, एखादा कट्टर नास्तिक असू द्या. ठरलेल्या वारी भेटायचं, आणि ठरलेलं म्हणजे ठरलेलं, मूड नसला तरी, कारण चांगलं वागणं हा रियाज आहे, आठवण आली की गायचं असं करून गळा तयार होत नाही. भेटल्यावर प्रत्येकाने एका खऱ्या माणसाचं सांगायचं जो सध्या त्याला जड जातोय, बॉस, सासू, मुलगा, शेजारी कोणीही, आणि बाकीच्यांनी तो कसा वाईट आहे यावर री ओढायची नाही, तर त्या माणसात काय असेल जे अजून कोणी बघितलं नाही हे विचारायचं. पुढच्या वेळी काय केलं आणि काय झालं ते सांगायचं, जमलं नाही तर तसं सांगायचं. जे एकमेकांत बोललं ते बाहेर न्यायचं नाही. आणि सोबत एक काम हातात घ्यायचं, छोटं असलं तरी चालेल पण गटाबाहेरच्या माणसांसाठी, आणि निदान वर्षभर सोडायचं नाही. कोणाच्या घरी कोणी आजारी पडलं, कोणी गेलं, तर सगळ्यांनी जायचं. तिथे काय बोलायचं हे सुचत नसेल तर काही बोलू नका, नुसते जाऊन बसा.